प्रेशरकाकांच्या संगणकातला भोंगा

...तर पाचव्यांदा भोंगा वाजला तेव्हा प्रेशरकाका अंगाला साबण चोपडून न्हाणीघरात उभे होते. काल गोष्ट इथपर्यंत आली, तेवढ्यात दारात कोणीतरी आलं आणि काका तसेच साबणात राहिले. एका भल्या माणसाला किती वेळ ओलं उभं ठेवायचं? म्हणून आज तिथूनच.

काकांनी टॉवेल गुंडाळला आणि धावले. कानात फेस, भुवयांवर फेस, मागे लादीवर ओल्या पावलांची रांग. पुढच्या खोलीत खिडकीशी काकूंचं जुनं शिलाई मशीन होतं. मशीन केव्हाच आत पोटात गेलं होतं आणि वरच्या फळीवर संगणक बसला होता. त्याचा पडदा लालभडक झाला होता. मधोमध पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘सावधान! आपला संगणक ५ व्हायरस सापडला आहे. आपले फाइल नष्ट होणे सुरू आहे. त्वरित स्वच्छ करा!’ खाली एक गुबगुबीत हिरवं बटण, त्याखाली मदतीसाठी फोन नंबर, आणि या सगळ्यावर ट्यँव ट्यँव ट्यँव असा भोंगा.

काकांनी साबणाच्या बोटानं हिरवं बटण दाबलं. भोंगा थांबला. मग त्यांनी शेजारची निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं: ‘बुधवार, नऊ बारा. भोंगा. पाच व्हायरस. हिरवं बटण दाबलं. आवाज बंद.’ खाली सही केली. मगच ते उरलेली आंघोळ करायला परत गेले.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, “अहो, सही तरी कोरड्या हातानं करा. वहीला आंघोळ घालताय की स्वतःला?”

आता ज्यांना काका ठाऊक नाहीत त्यांना हे वेड लागल्यासारखं वाटेल. तसं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात बॉयलर सांभाळला होता. वरच्या सात मजल्यांच्या चादरी धुवायला, ऑपरेशनची अवजारं उकळायला, स्वयंपाकघरातल्या मोठाल्या भांड्यांना, जिथे जिथे वाफ लागायची तिथे ती काकांच्या तळघरातून वर जायची. वरच्या लोकांना काकांचं नाव माहीत नसायचं. वाफ कमी पडली की फोन यायचा, “प्रेशर आहे का हो?” आणि काका उत्तर द्यायचे, “आहे, बोला.” बोलणाऱ्याला कळायचं नाही की प्रेशर वाफेचं आहे की फोनवर जो बोलतोय तोच. नाव पडलं ते पडलंच. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण प्रेशरकाकाच म्हणायचा.

त्या तळघराची शिस्त कडक होती. भोंगा वाजला की हातातला घास टाकून उठायचं. पोचल्याचं बटण दाबून आवाज बंद करायचा, पाळीच्या वहीत वेळ लिहायची, सही करायची. काका नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या आधीचा एक फायरमन, म्हणजे बॉयलरची भट्टी सांभाळणारा, होता. भोंगा सारखा उगाच वाजतो म्हणून वैतागून त्यानं एकदा भोंग्याच्या तोंडात चिंधी कोंबली. दहा दिवस सगळीकडे शांतता. अकराव्या दिवशी पाणी खरंच खाली गेलं. बॉयलरच्या नळ्या करपल्या, लोखंडी दार उडून समोरच्या भिंतीत रुतलं. फायरमन वाचला, पण एका कानानं कायमचा बहिरा झाला. नव्या माणसाला काम शिकवायची वेळ आली की तो आपला तोच कान पुढे करून म्हणायचा, “यात सांग काय सांगायचंय ते.” नवा माणूस घाबरून गप्प बसायचा. तेवढाच त्याचा धडा. काकांनी तो धडा असा गिरवला की घरात दूध उतू गेलं तरी ते घड्याळ बघायचे.

तर अशा माणसाच्या घरी संगणक आला. कशासाठी, तर पुस्तकासाठी.

गावात बॉयलर चालवायला शिकवणारी एक शाळा होती. तिथल्या मुख्य मास्तरांनी काकांना गाठलं. म्हणाले, “काका, नवी मुलं सगळी बटणवाली. पडदा बघतात, बॉयलर बघत नाहीत. तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरवून द्या, मी छापून घेतो. नवी तुकडी पुढच्या वर्षी सोमवारी बसणार, मला त्याच्या आधीच्या शनिवारी पुस्तक हवं.” ते म्हणाले तेव्हा हा शनिवार अकरा महिने लांब होता. आता तीन दिवसांवर आला होता.

अकरा महिने काकांनी दोन बोटांनी टंकलं. उजव्या हाताचं पहिलं बोट आणि डाव्या हाताचं मधलं, कारण डाव्याच्या पहिल्या बोटाचं पेर जुन्या झडपेत गेलं होतं. टंकताना पाय आपोआप शिलाई मशीनच्या पायट्यावर जायचा. लिखाण रंगात आलं की पायटा हलकेच डुलायचा, अडलं की धाडधाड चालायचा. काकू आतूनच ओळखायच्या. “आज कुठल्या झडपेत अडकलात?” एकशे त्रेचाळीस पानं झाली होती.

आणि हाताने लिहिलेलं? ते नव्हतं. तळघराची आणखी एक शिस्त होती: कच्च्या चिठ्ठीवरची नोंद पक्क्या वहीत उतरली की कच्ची चिठ्ठी भट्टीत टाकायची. दोन नोंदी राहिल्या की साहेब दोन्ही समोर ठेवून भांडण काढतो. काकांनी एकेक पान टंकून झालं की हस्तलिखिताचा कागद बारीक फाडला. पक्की नोंद एकच, ती संगणकात.

दुखणं सुरू झालं तीन आठवड्यांपूर्वी, तेही पुस्तकापायीच. काकांना बॉयलर मधोमध कापून आतला दिसेल असा एक छान आडवा नकाशा हवा होता. शोधता शोधता एका ठिकाणी पाटी आली: ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी “परवानगी द्या” दाबा.’ उभा जन्म यंत्रांच्या सोबतीत गेला, आणि आता यंत्रच विचारतंय, तू यंत्र तर नाहीस ना! काकांना गंमत वाटली. इमानदारीत त्यांनी परवानगी देऊन टाकली. नकाशा काही मिळाला नाही. दुसऱ्या सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात पहिली चिठ्ठी उगवली आणि भोंगा वाजला.

मग जे सुरू झालं त्याला सुमार नाही. काकांनी बटण दाबलं की ‘सफाईवीर’ नावाचा एक पहारेकरी संगणकात येऊन बसला. त्यानं चारशे दोष दाखवले. तो म्हणाला, वेग कमी आहे. मग ‘वेगमित्र’ आला. वेगमित्र आल्यापासून वेग असा गेला की काका एक ओळ टंकून पाणी प्यायला जायचे आणि परत येऊन बघायचे, तर अक्षरं अजून एकेक करत पडद्यावर येतायत, लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी. मग तिसरा ‘महारक्षक’ आला. तिघांचं एकमेकांशी पटेना. सफाईवीर म्हणे वेगमित्र चोर आहे, वेगमित्र म्हणे महारक्षक चोर आहे, आणि महारक्षक दोघांवर डोळे वटारून काकांना म्हणे, आत्ताच्या आत्ता काहीतरी करा! प्रत्येकाचा आवाज वेगळा. प्रत्येक आवाजाला काका उठत, बटण दाबत, लिहीत, सही करत. वहीची एकोणीस पानं भरली.

सुरुवातीलाच एकदा त्यांनी त्या मदतीच्या नंबरवर फोनही केला. पाऊण तास संगीत ऐकलं. “आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाईनवर थांबा,” असं एक बाई दर दोन मिनिटांनी सांगे. काका उभ्यानं थांबले, कारण कामाच्या फोनवर बसून बोलायची सवय नव्हती. शेवटी फोन आपोआप कटला. मग पडद्यावरच्या एका चौकटीत त्यांनी स्वतःचा नंबर भरला. ‘आमचा इंजिनिअर आपल्याला संपर्क करेल.’ इंजिनिअर काही आला नाही.

भाचीला फोन केला तर ती हसली. “मामा, ते सगळं खोटं असतं. इग्नोर करा.”

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “इग्नोर? भोंग्याला इग्नोर?”

“अहो मामा, तो भोंगा नाही, जाहिरात आहे.”

“जाहिरात असली तर तिनं गोड बोलावं. हा बोंबलतोय. आणि बोंबलणाऱ्याकडे दुर्लक्ष करणारा एक माणूस मी पाहिलाय. त्याच्या डाव्या कानात तू कितीही ओरडली असतीस तरी त्याला ऐकू आलं नसतं.”

भाचीनं विषय बदलला. तिनं तरी काय करायचं?

आता परत त्या बुधवारी. काका आंघोळ करून, कपडे करून, केस विंचरून मशीनच्या फळीशी बसले. शेवटचं पान राहिलं होतं. पुस्तकाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. संगणकानं बराच वेळ विचार केला आणि उत्तर दिलं: ‘फाइल सापडली नाही.’

काकांनी पुन्हा टिचकी मारली. सापडली नाही.

पायटा चालायला लागला. आधी हळू, मग धाडधाड, मग इतका की फळीवरचा संगणक नाचू लागला. काकू हात पुसत बाहेर आल्या. काकांचा चेहरा बघून त्यांनी विनोद गिळला.

“काय झालं हो?”

“पुस्तक नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही! काल सकाळी होतं, आज नाही! एवढे तीन-तीन पहारेकरी दारात बसलेत आणि घरातलं एकच भांडं गेलं!”

दिवसभर काकांनी शोधलं. कचऱ्याच्या टोपलीचं चित्र होतं, त्यात शोधलं. प्रत्येक पिवळ्या पाकिटात शोधलं. दर दहा मिनिटांनी लाल पडदा यायचा, भोंगा वाजायचा, काका बटण दाबायचे, लिहायचे, पुन्हा शोधायचे. चौथ्या वेळेला लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. दुपारचं जेवण ताटात निवलं. अकरा महिने! कुठल्या झडपेचा कसा आवाज आला की समजावं, पाणी किती खाली गेलं की आग बंद करावी, भट्टीचं दार उघडताना तोंड कुठे ठेवावं, हे सगळं आता फक्त त्यांच्या डोक्यात होतं, आणि डोकं तर ठणकत होतं. शनिवारी मास्तरांना काय तोंड दाखवायचं? ती मुलं सोमवारी बसणार. कोणीतरी कधीतरी चिंधी कोंबणार.

गुरुवारी सकाळी काकांनी संगणकाचा डबा चादरीत बांधला, छातीशी धरला आणि जिने उतरले. काकूंनी निळी वही पिशवीत घातली. “ही पण न्या.”

“ती कशाला?”

“तुम्ही तिच्याशिवाय शिंकत नाही म्हणून.”

दोन गल्ल्या पलीकडे एका इमारतीच्या जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान होतं. इतकं ठेंगणं, की उभं राहिलं तर डोक्यावर जिन्याची पायरी लागायची. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे दुरुस्तीताई म्हणत. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, स्क्रू बशीत काढून ठेवायच्या आणि चहा मात्र पेल्यातून प्यायच्या, म्हणजे घोटाळा नको.

“काय त्रास आहे काका?”

“भोंगा वाजतो. आणि पुस्तक गेलं.”

ताईंनी डबा जोडला, पडदा लावला. पडदा पेटताच तिघे पहारेकरी एकदम ओरडले. ताईंनी ते शांतपणे बघितलं, जसं एखादी बाई शेजाऱ्यांची भांडणं बघते. मग पहिलं काम केलं ते इंटरनेटची वायर उपटायचं.

“आधी बाहेरून येणारं बंद करू,” त्या म्हणाल्या.

काकांना पहिल्यांदा जरा बरं वाटलं. “बरोबर. आधी फीड बंद. भट्टीत जाणारं आधी थांबवायचं.”

“काका, खरं सांगू? यात इतकी घाण आहे की सगळं पुसून नव्यानं घालते. संध्याकाळी न्या.”

“पुसून? पुस्तक?”

“कॉपी असेल ना दुसरीकडे?”

“नाही.”

“पेनड्राइव्हवर?”

“नाही.”

“छापलेलं? हातानं लिहिलेलं?”

“फाडलं.”

दुरुस्तीताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काकांकडे नीट बघितलं. “का फाडलंत हो?”

“दोन नोंदी ठेवायच्या नसतात,” काका म्हणाले. पण म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा ठणठणीत नव्हता.

ताईंनी शोधलं. काकांनी शोधलं होतं त्याहून खोल शोधलं. अर्धा तास गेला. वरून जिन्यावरून लोकांची पावलं धपधप जात होती आणि प्रत्येक धपक्याला काकांचा जीव एक पायरी खाली जात होता. “नाही दिसत,” ताई म्हणाल्या. “आधी हे तिन्ही ठग हाकलते. मशीन मोकळं झालं की अजून शोधता येईल. हा महारक्षक जास्त माजलाय, याच्यापासून सुरुवात.” त्यांनी ‘काढून टाका’ या बटणावर बाण नेला.

“थांबा,” काका म्हणाले. “वहीत लिहू द्या. किती वाजले?”

“अहो काका, आता कशाला?”

“बटण दाबायच्या आधी वेळ लिहायची. दाबल्यावर सगळेच वेळ विसरतात.”

ताईंनी सुस्कारा सोडला आणि हात मागे घेतला. काका कोरं पान शोधत वही उलटू लागले. सोमवार गेला, मंगळवार आला. ताईंची नजर सहज तिथे गेली आणि त्यांनी काकांचं मनगटच धरलं.

“हे काय लिहिलंय?”

काकांनी वाचलं: “मंगळवार, बारा चाळीस. महारक्षक म्हणतो, एक संशयित फाइल पकडून कोठडीत ठेवली आहे, कायमची नष्ट करू का? उत्तर: नंतर. कारण: जेवायला हाक.” आणि खाली सही.

“काका, हे वाचून तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“मला वाटलं व्हायरस असेल. रोज पकडतच होते. मंगळवारी एकट्यानं बावन्न पकडले म्हणाला.”

“बावन्न तोंडी. खरी पकडलेली एकच, ती तुमची. अशा ठगांना अधूनमधून काहीतरी पकडून दाखवावं लागतं, नाहीतर कोण विश्वास ठेवणार? सगळ्यात जाडजूड फाइल उचलली असेल.” त्यांनी बाण त्या बटणावरून दूर, अगदी पडद्याच्या टोकाला नेऊन ठेवला. “आणि मी आत्ता याला हाकलला असता ना, तर हा जाताना कोठडीसकट गेला असता. पुस्तक कायमचं गेलं असतं.”

काकांनी पेन खाली ठेवलं. काकूंनी मंगळवारी हाक पाच मिनिटं उशिरा मारली असती तर? पण काकूंची हाक कधीच उशिरा नसे, आणि तक्रार मात्र काका रोज करायचे की काम मध्येच तोडतेस.

कोठडी उघडायला वीस मिनिटं लागली. महारक्षक तीनदा म्हणाला, ‘आपण नक्की धोका पत्करू इच्छिता?’ ताई तीनदा म्हणाल्या, “हो रे बाबा.” आणि मग ते बाहेर आलं. नाव बदललेलं, शेपटीला वीस आकडे लावलेले, पण उघडलं तेव्हा पहिल्या पानावर काकांचंच वाक्य होतं: ‘बॉयलर हा जनावरासारखा आहे, रोज त्याच्या पोटाला हात लावून बघावा.’

काकांचा पाय दुकानातल्या लादीवर उगाच नसलेला पायटा हलवत होता.

“सगळं आहे का बघू,” म्हणत ताईंनी पानं सरकवली आणि मधलंच एक मोठ्यानं वाचलं. “पान सत्त्याऐंशी. भोंगा वाजला म्हणजे बॉयलर बिघडला असे नव्हे. कधी कधी भोंगाच बिघडलेला असतो. भोंग्याला चिंधी कोंबू नये आणि भोंग्याच्या सांगण्यावरून झडपही फिरवू नये. आधी काच बघावी. काच म्हणजे बॉयलरला लावलेली काचेची नळी, तीत आतले पाणी दिसते. खालची तोटी उघडून काच धुवावी. तोटी बंद केल्यावर पाणी उडी मारून परत वर आले, तर काच खरे बोलते. मग काचेचे ऐकावे, भोंग्याचे नव्हे.”

वाचून झाल्यावर त्यांनी काकांच्या निळ्या वहीवर बोट ठेवलं.

काकांचे कान तांबडे झाले. चौतीस वर्षं काचेपुढे उभं राहिलेला माणूस, स्वतःच्या हातानं लिहिलेलं पान सत्त्याऐंशी, आणि गेले तीन आठवडे एका दीडदमडीच्या भोंग्याच्या सांगण्यावरून झडपांवर झडपा फिरवत बसला होता! राग कोणाचा करावा तेच कळेना. त्या ठगांचा करावा की स्वतःचा? शेवटी तो दोघांवर निम्मा निम्मा पडला.

“पण ताई,” ते चिडूनच म्हणाले, “बॉयलरला काच असते! ह्या डब्याला काच कुठाय? मी बघणार कुठे?”

“हा प्रश्न आजवर एकाही गिऱ्हाईकानं विचारला नाही,” ताई म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून काकांना शेजारी बसवलं. संगणकाचा स्वतःचा, मुळातला पहारेकरी कुठे असतो ते दाखवलं. सेटिंगमध्ये जायचं, तिथे सुरक्षेचं पान उघडायचं. तिथे भोंगा नाही, लाल नाही, उद्गारचिन्ह नाही. तिथला पहारेकरी आता तरी गप्प होता, कारण महारक्षकानं त्याला झोपवून ठेवलं होतं. ताईंनी तिघांना वहीच्या क्रमानं एकेक करून हाकललं, कोण कधी आला आणि सोबत काय घेऊन आला ते वहीत होतंच, आणि मूळच्याला जागं केलं. त्यानं सगळा डबा तपासला आणि एक छोटी हिरवी खूण दाखवली.

“ही तुमची काच,” ताई म्हणाल्या. “कोणी कितीही बोंबललं तरी त्याच्या बटणाला हात लावायचा नाही. बोंबलणाऱ्याच्या दारातून न जाता आपल्या पायानं इथे यायचं आणि बघायचं.”

“आणि धुवायची कशी?”

“हे बटण. तपासणी. दाबलं की तो पुन्हा पहिल्यापासून बघतो.”

काकांनी वहीत लिहिलं. मग ताईंनी ‘परवानगी’ दिलेल्या ठिकाणांची यादी काढली. त्यात ते नकाशाचं ठिकाण पहिल्या नंबरवर बसलं होतं. “रोजचे भोंगे इथून यायचे. तुम्हीच आत घेतलं होतं.” परवानगी काढून घेतली. वायर परत जोडली. दोघं पडद्याकडे बघत बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. वरून कोणीतरी जिना उतरून गेलं. भोंगा वाजला नाही, आणि काकांना ती शांतता एवढी खटकली की ते दोनदा पुढे वाकून बघून आले.

निघताना ताईंनी पुस्तक दोन पेनड्राइव्हवर घालून हातात ठेवलं.

“दोन?” काकांच्या कपाळाला आठी. “दोन नोंदी झाल्या की...”

“पान एकोणचाळीस,” ताई म्हणाल्या. “प्रत्येक बॉयलरला काचा दोन असाव्यात, एक फुटली तर दुसरी दिसावी. कोणी लिहिलंय हो हे?”

काकांनी दोन्ही खिशात घातले, एक डाव्या, एक उजव्या.

शनिवारी सकाळी काका शेवटचं पान टंकत बसले होते. तासाभरात मास्तर न्यायला येणार होते. पायटा हलकेच डुलत होता. तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी घेतला, ऐकलं आणि हात लांब करून काकांपुढे धरला. “तुमचा इंजिनिअर आलाय. तीन आठवड्यांनी.”

काका उठून उभे राहिले. पलीकडे एक गोड आवाज होता. सर, आपण आपला नंबर दिला होता. सर, आपल्या संगणकात फार मोठा धोका दिसतोय. सर, घाबरू नका, पडद्यावर मी सांगतो तो एक आकडा टाका, म्हणजे मला आपल्या संगणकात आत येऊन तो साफ करता येईल. वेळ कमी आहे सर.

काकू बघत होत्या. काकांच्या मानेची शीर फुगली, तीन आठवड्यांचं सगळं प्रेशर वर आलं. पण त्यांनी आधी घड्याळ बघितलं, निळी वही ओढली, लिहिलं: ‘शनिवार, दहा सात. फोन.’ मग फोन नीट कानाला लावला आणि तळघरातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले:

“हे बघा साहेब, आमच्या बॉयलरनं चौतीस वर्षांत हजारदा बोंब मारली, पण एकदाही मला स्वतःचा फोन नंबर दिला नाही, आणि ‘आत येऊ का’ असं तर कधीच विचारलं नाही. तेव्हा मी आता काच धुवून बघून येतो. आमची काच सावकाश धुवावी लागते, त्यात माझं एक पान टंकायचं राहिलंय. तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. कृपया लाईनवर थांबा.”